वासोटा, परतीच्या बोटीपासून

वासोट्याला, म्हणजे साताऱ्याकडच्या कोयना अभयारण्यातल्या, बोटीने जलाशय ओलांडून गाठायच्या गडावर जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "किती वाजता निघायचं?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी ठरवायचं ते परत कधी यायचं. कारण वासोट्याचा अख्खा दिवस संध्याकाळच्या बोटीला बांधलेला असतो. अंधार पडायच्या आत बोट अलीकडच्या काठावरच्या बामणोली गावाला लागली पाहिजे, म्हणून पलीकडच्या काठावरून, मेट इंदवलीहून, ती साडेचारच्या आत सुटली पाहिजे. म्हणून माणसं चारला खाली हवीत. म्हणून दोन वाजता गडावरून पाय खाली वळलाच पाहिजे. असं मागे मागे येत गेलं की सकाळचा आकडा आपोआप समोर येतो, आणि तो पाहिला की निम्मी मंडळी "बघू, पुढच्या रविवारी" म्हणून गळतात. उरतात ती खरी येणारी.

या खेपेला उरलो होतो मी, माझी ताई, भावोजी आणि त्यांची मुलगी मुक्ता. मुक्ताने फोनवर कुठल्याशा ॲपमधून वासोट्याची वाट उतरवून घेतली होती. निळी रेघ, चढ-उताराचा आलेख, कुणीतरी ती वाट किती मिनिटांत मारली त्याची नोंद. "मावशी, एक तास पस्तीस मिनिटांत वर पोचता येतं," ती म्हणाली. आलं असेल की कुणाला तरी. पण त्या कुणाबरोबर भावोजी नव्हते. साठी ओलांडलेली, डाव्या गुडघ्याची तक्रार, आणि वाटेत दिसेल त्या झाडाला हात लावून "हा हिरडा का गं?" असं विचारायची सवय. आपल्यात जो सगळ्यात हळू चालतो त्याच्या पायांनी दिवस मोजायचा, हा माझा कायदा. मी चढायला पावणेतीन तास धरले. मुक्ताने कपाळावर आठी घातली, पण वहीत लिहून घेतलं.

वासोट्याच्या आखणीतला सगळ्यात मोठा निर्णय मात्र घड्याळाचा नाही, तो गाळण्याचा आहे. वनखात्याच्या चौकीपासून वर जाताना रानातच एक फाटा नागेश्वरकडे निघतो. नागेश्वर म्हणजे कड्याच्या पोटातली गुहा, आत शंकराची पिंड. महाशिवरात्रीला कोकणातल्या चोरवण्याच्या बाजूने लोक चढून येतात. वासोट्यावरून तो डोंगर इतका जवळ वाटतो की तरण्या पोरांच्या प्रत्येक टोळीत कुणीतरी म्हणतंच, "दोन्ही कव्हर करू." हे 'कव्हर करणं' मला कधी जमलं नाही आणि जमवायची इच्छाही नाही. थंडीतला दिवस अकरा तासांचा. त्यातले अडीच तास पाण्यावर, अर्धा तास चौकीत. उरलेल्यात दोन डोंगर कोंबले की दोन्हीकडे नुसता फोटो काढायचा आणि धापा टाकत पळायचं. मी नागेश्वरवर काट मारली. मुक्ता रुसली, ताईने सुटकेचा श्वास सोडला, आणि भावोजींनी विचारलं, "मग गुहा नाही म्हणजे पुरण तरी घ्यायचं का बरोबर?" या दोन गोष्टींचा संबंध काय, ते त्यांनाच ठाऊक.

कधी जायचं, यावरही घरोघरी वाद होतात. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, ते बरंच आहे. जळवा, निसरड्या वाटा आणि ओढ्याला येणारं पाणी पाहता तेव्हा जाऊही नये. ऑक्टोबर संपता संपता ते उघडतं तेव्हा कोयनेचा जलाशय काठोकाठ असतो आणि बोट थेट रानाच्या पायाशी लागते. कासची फुलं पाहून त्याच दौऱ्यात वासोटाही उरकावा असं अनेकांच्या मनात असतं. पण कासचा बहर ऑगस्ट-सप्टेंबरचा, वासोटा उघडेपर्यंत पठार बहुतेक पिवळं पडलेलं असतं. दोन्हींचं लग्न लागत नाही. मार्चनंतर पानं झडतात, ऊन टाळूला लागतं. एप्रिल-मेमध्ये पाणी इतकं मागे हटतं की बोटीतून उतरून भेगाळलेल्या गाळावरून चालत जावं लागतं. माझी पसंती डिसेंबरला. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, आणि पहाटे बामणोलीत अशी थंडी की दात वाजतात.

पुण्याहून रात्री तीनला निघून थेट सातला बामणोली गाठणारे लोक आहेत. साताऱ्यापर्यंत हमरस्ता, पुढे यवतेश्वरचा घाट, कास आणि मग झाडीतून खाली उतरत जाणारा रस्ता. मला ते पटत नाही. झोप न झालेला माणूस उतरताना घसरतो, चढताना नाही, आणि आपला उतार दुपारी असतो. आम्ही आदल्या संध्याकाळी बामणोलीत मुक्काम केला. जाण्याआधी मी बोटवाल्या मामांना फोन केला होता. मुक्ताचं ॲप वाटेबद्दल सांगत होतं, पण पाणी कुठपर्यंत आहे, रविवारी गर्दी किती होते, पहिली बोट कधी हलते, हे मामांनाच माहीत. "ताई, रविवार नको, शुक्रवारी या," ते म्हणाले. "आयतवारी चौकीवर रांग लागती. तुमचा तास तिथंच जातो." एका वाक्यात अख्खा तास वाचला. शुक्रवारच्या रजेचा अर्ज मी त्याच दिवशी टाकला.

बोटीचं भाडं माणशी नसतं, बोटीमागे असतं, आणि चौघांना अख्खी बोट परवडत नाही. मग सकाळी धक्क्यावर उभं राहून जोडीदार शोधायचे. ही आखणीतली दुर्लक्षित बाब. ज्या अनोळखी माणसांबरोबर तुम्ही बोटीत बसता, त्यांच्या पायांशी तुमची संध्याकाळ बांधली जाते. ते उशिरा उतरले तर तुम्हीही काठावर ताटकळता. म्हणून मी भाडं विचारायच्या आधी विचारते, "तुम्ही नागेश्वरला जाणार आहात का?" 'हो' म्हटलं की नमस्कार करून पुढच्या टोळीकडे. आम्हाला कोल्हापूरची एक बँकेतली मंडळी मिळाली, सहा जण, त्यातल्या दोघी पन्नाशीच्या. चार वाजता खाली, यावर हात मिळवले. वनखात्याचा अर्ज, सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, शुल्काची पावती आणि जेवणाची सांगावण एवढं आटोपलं. जेवण सकाळीच सांगून जावं लागतं. संध्याकाळी थकून आल्यावर "भाकरी आहे का?" विचारलं तर नसते.

बोट सुटली तेव्हा पाण्यावरून वाफ उठत होती. डिझेलच्या इंजिनाचा आवाज इतका मोठा की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे, त्यामुळे सगळे गप्प. हा शिवसागर. कोयना धरणामुळे साठलेलं पाणी, १०५ टीएमसीच्या घरात, आणि त्यातलं बरंचसं पश्चिमेला बोगद्यांतून पोफळीकडे उतरून वीज करतं. बामणोलीच्या आसपास कोयना, सोळशी आणि कांदाटी अशा तीन नद्या एकमेकींत मिसळल्या आहेत, पण आता ते नकाशावरच कळतं. डोळ्यांना एकच पाणी दिसतं, आणि त्यात उतरलेल्या डोंगरांच्या सोंडा.

मामा सुकाणूपाशी उकिडवे बसले होते. कानटोपी, हातात विडी, पेटवलेली नाही. एका वळणावर त्यांनी हनुवटीनेच पाण्याकडे खूण केली. "आमच्या बापाचं रान इथं. भात लई चांगला यायचा." मग काही वेळाने, "उन्हाळ्यात बांध वर येत्यात. मी दावतो लेकरांना." एवढंच. धरणाचं पाणी चढलं तशी या खोऱ्यातली किती गावं उठली आणि कुठे कुठे जाऊन बसली. काहींनी वर सरकून डोंगराच्या कुशीतच घरं बांधली. पुढे १९६७च्या ११ डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला आणि कोयनानगर कोसळलं. आणि १९८५ मध्ये अभयारण्य झालं तेव्हा उरलेल्या गावांपुढे पुन्हा उठायचा प्रश्न आला. आम्ही ज्या मेट इंदवलीला उतरणार होतो ते आता नावापुरतं गाव आहे. जोती, एखादं आंब्याचं झाड, आणि वनखात्याची चौकी. आपण ज्याला 'निर्मनुष्य रान' म्हणून दाद देतो ते निर्मनुष्य झालेलं आहे, आधीपासून तसं नव्हतं. सहलीची पत्रकं हे कधी लिहीत नाहीत.

चौकीवर वनरक्षकाने सॅक उघडायला सांगितल्या. दारू, काडेपेटी, सिगारेट आधी बाजूला. मग प्लास्टिक मोजणी. बाटल्या, चिवड्याची पाकिटं, बिस्किटांचे पुडे, सगळं टेबलावर ओतायचं. त्याने वहीत आमच्या नावापुढे आकडा लिहिला आणि अनामत रक्कम घेतली. परत येताना तेवढंच प्लास्टिक दाखवायचं आणि पैसे घेऊन जायचं. ताईने चिक्क्या सुट्या, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेल्या आणल्या होत्या. तो एकेक मोजत होता, मोजता मोजता चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. मागे रांग. ताई ओशाळून म्हणाली, "अहो दादा, तुम्हीच खाऊन टाका ना थोड्या." तो हसलाही नाही. "कागद माझ्या नावावर लागंल मग." शेवटी तिने सगळ्या चिक्क्या सोलून स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि कागद तिथल्या तिथे टोपलीत टाकले. मला त्या पोराचं कौतुक वाटलं. वासोट्याच्या वाटेवर कचरा कमी दिसतो तो आपल्या संस्कारांमुळे नाही, त्या वहीमुळे.

वाट सुरू होते ती सपाटीने. थोड्याच वेळात ओढा लागतो, काठाला मारुती आणि गणपती, उघड्यावरच. भावोजींनी बूट काढून नमस्कार केला, बूट पुन्हा घालण्यात पाच मिनिटं गेली, ती मी धरलेलीच होती. त्यानंतर झाडी मिटते. वर पाहावं तर आभाळाचे तुकडे, खाली पाचोळा घोट्यापर्यंत. भावोजींना मी सगळ्यांच्या पुढे ठेवलं. हळू माणसाला मागे ठेवलं की तो गाठायला धापा टाकतो, आणि तो पोचतो तेव्हा थांबलेले उठतात. बिचाऱ्याला विसावाच मिळत नाही. पुढे ठेवलं की सगळे त्याच्या चालीने चालतात आणि कुणालाही दम लागत नाही. मुक्ताला ही चाल सुरुवातीला सोसवेना. पण हळू चालल्यामुळेच तिला ते दिसलं. वाटेच्या कडेला ओल्या मातीत गव्याचा खूर उमटलेला, दोन फाकळ्या स्पष्ट, कडा अजून कोसळलेल्या नाहीत. तिने त्यात आपला पंजा ठेवून पाहिला. बोटं पसरली तरी खूर पुरा भरेना. आम्ही सगळे उगाच हळू आवाजात बोलायला लागलो. थोडं वर अस्वलाने उकरलेलं वारूळ होतं, लाल माती वाटेवर उधळलेली. प्राणी म्हणाल तर आम्हाला दिसलं ते एक शेकरू, उंच फांदीवर, झुबकेदार शेपूट खाली सोडून बसलेलं. भावोजी त्यालाही हिरड्याचं झाड कुठलं ते विचारतील असं वाटलं.

पूर्वी लोक गडावर मुक्काम करायचे. शेकोटी, खिचडी, गाणी. जुने ट्रेकर अजून त्या रात्रींच्या आठवणी काढतात आणि आताच्या बंदीवर चिडतात. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा २००४ मध्येच मिळाला होता. २०१२ मध्ये दोन्ही जंगलं पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेली. तेव्हापासून नियम आणखी आवळले गेले असं त्यांचं म्हणणं. असतील. मला बंदी योग्य वाटते. ज्या जनावरांची घरं आहेत त्यांना रात्र तरी पूर्ण मिळावी. आणि थोडा स्वार्थही आहे: इथे तास मोजून मिळतात म्हणूनच माणूस इकडेतिकडे न रेंगाळता डोळे उघडे ठेवून चालतो. मुक्कामाच्या गडावर 'उद्या सकाळी बघू' म्हणत काय काय राहून जातं, ते मी स्वतः अनुभवलं आहे.

शेवटच्या टप्प्यात झाडी सुटते, उन्हात येतो आपण, आणि कातळातल्या पायऱ्यांवरून पडक्या दरवाजातून गडात शिरतो. समोर बिनछपराचं मारुतीचं मंदिर. पाच मिनिटं कमी बारा. मुक्ताने आलेख दाखवून सांगितलं की आपण 'सरासरीपेक्षा फार हळू' आहोत. मी म्हटलं, वहीप्रमाणे आहोत.

वर दोन तास. उजवीकडची वाट महादेवाच्या देवळाकडून माचीवर जाते. माचीवरून शिवसागर वळणं घेत पसरलेला दिसतो, आणि दुसरीकडे महिपत, सुमार, रसाळ ही गडांची रांग. डब्यातली पोळी-भाजी, काकडी, आणि ताईच्या उघड्या चिक्क्या आम्ही देवळाच्या सावलीत खाल्ल्या. पण मला खरी ओढ होती ती डाव्या वाटेची, तळ्यावरून पुढे बाबूकड्याकडे जाणारी.

बाबूकडा समोर आला की माणूस आपोआप दोन पावलं मागे सरकतो. आम्ही उभे होतो तो नवा वासोटा आणि समोरचा जुना वासोटा यांच्यामधला डोंगर जणू कुणी करवंटीसारखा पोखरून काढला आहे, आणि खाली सरळ कोकण. वाऱ्याला तिथे दिशा नसते. तो खालून वर येतो. मुक्ताने टोपी काढून हातात धरली ती शेवटपर्यंत. पलीकडे जुना वासोटा, त्याच्यावर जायला परवानगी नाही आणि वाटही राहिलेली नाही. पण तो डोळ्यासमोर इतका लख्ख उभा असतो की एप्रिल १८१८ मधली गोष्ट इथे उभं राहिल्याशिवाय नीट कळत नाही. पेशव्याने साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांच्या घरच्या माणसांना या गडावर ठेवलं होतं. इंग्रजांनी तोफा चढवल्या त्या समोरच्या जुन्या वासोट्यावर, आणि तिथून या गडावर मारा केला. कागदावर वाचताना वाटतं, तोफा एवढ्या वर कशा नेल्या असतील. इथे उभं राहिलं की वेगळाच प्रश्न पडतो: गड कितीही बेलाग असला तरी समोर त्याच्याएवढाच डोंगर असेल तर काय करायचं? त्याआधी याच गडावर ताई तेलिणीने पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेला झुंजवलं होतं. तिची गाणी-उखाणे अजून साताऱ्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी आहेत. भावोजींना ते पाठ होते. कड्याच्या काठावर बसून त्यांनी ते ठसक्यात म्हटलं, बँकेतल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि ते पुन्हा म्हणायला लागले.

घड्याळात पावणेदोन झाले होते. आणखी अर्धा तास इथे बसावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, मलाही. भावोजी म्हणाले, "जाऊ या की अडीचला. उतरायला काय लागतंय!" हेच ते वाक्य. कुठल्याही दिवसाच्या ट्रेकमधलं सगळ्यात धोक्याचं. उतार सोपा नसतो, फक्त धाप लागत नाही म्हणून सोपा वाटतो. पाचोळ्याखाली सुटे दगड, थकलेल्या मांड्या, आणि गुडघे तर शरीराचा सगळा भार उतारालाच घेतात. शिवाय डिसेंबरात दाट झाडीत अंधार आभाळाच्या आधी उतरतो. मी काही बोलले नाही. मुक्तानेच वही काढून त्यांच्यापुढे धरली. त्यात तिच्या अक्षरात लिहिलं होतं: २.००, वळायचं. बाबांचा गुडघा.

भावोजींनी काठी उचलली. उतरताना त्यांना दोनदा बसावं लागलं, मुक्ताने त्यांच्या गुडघ्याला लवचिक पट्टी बांधली, आणि चौकीवर पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. वनरक्षकाने वही उघडली, आमच्या बाटल्या मोजल्या, अनामत परत दिली. बँकेची मंडळी आधीच काठावर पाय पाण्यात सोडून बसली होती. मामांनी या वेळी विडी पेटवली होती.

बामणोलीत सांगून ठेवलेलं जेवण तयार होतं. पिठलं, भाकरी, ठेचा. ताटावर बसल्या बसल्या मुक्ताने नागेश्वरचा विषय पुन्हा काढला. आता तो चोरवण्याकडून करायचा, कोकणातून, म्हणजे बोटीची भानगडच नाही. भावोजी म्हणाले, बोट नाही म्हणजे मग घाई कसली, आरामात निघू. मुक्ता म्हणाली, बोट नसली तरी अंधार आहेच ना, आणि तोंडातला घास तसाच ठेवून तिने वहीचं कोरं पान उघडलं. खेडहून चोरवण्यापर्यंत गाडी कशी जाते, मुक्काम कुठे करायचा, शिवरात्रीची गर्दी टाळायची की तिच्याबरोबरच चढायचं, वरच्या बाजूने अभयारण्य लागतं तर परवानगी कोणाकडे मागायची. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आमच्यातल्या कुणाकडे नव्हतं. ताईने विचारलं, पुरण घ्यायचं का बरोबर, आणि भावोजी म्हणाले की मी सकाळी तेच विचारलं होतं तेव्हा तुम्ही सगळ्या हसलात.